स्वतःच स्वतःचा परीक्षक : मायकेल फॅरडे

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या ओसरीवर व वसतिगृहाच्या खोल्यांतून एक ठरीव देखावा दृष्टीस पडूं लागतो. कोणाच्या हातांत रसायनशास्त्राचें क्रमिक पुस्तक असतें, तर कोणाच्या हातांत मागील पांचसात वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची चळत असते. कोणता प्रश्न किती वेळां येऊन गेला, कोणता यंदा येण्याचा संभव आहे, याविषयीं मोठ्या गंभीरपणें तर्क चाललेले असतात. आणि तर्क संपले म्हणजे निवडक प्रश्नांचीं उत्तरें घोकण्यास आरंभ होतो.

एकदां वर्गाच्या सराव परीक्षेंत मीं क्लोरिन वायूवर एक प्रश्न घातला. हा वायु प्रयोगशाळेंत कसा तयार करितात, हा प्रश्न जुन्या पत्रिकांतून अनेकदां आलेला असल्यामुळें त्याचें उत्तर सर्वांस मुखोद्गत होतें. मीं एवढेंच विचारलें कीं, हा वायु पाण्यावर कां गोळा करीत नाहींत? वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं माझा प्रश्न बाजूस ठेवून, न विचारलेल्या प्रश्नाचें सुंदर उत्तर आकृतीसह लिहून दिलें. त्या उत्तरांत, हा वायु पाण्यांत विरघळतो, असें वाक्यहि होतें. परंतु आपण लिहिलेल्या त्या वाक्यांतच विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें लिहिणाऱ्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. त्या दिवशीं मुलांचा राग येण्याऐवजीं मला स्वतःविषयींच विचार पडला. वर्षभर मीं त्यांस उत्तरें दिलीं होतीं. प्रश्न विचारावयास शिकविलें नव्हतें.

तेव्हांपासून उजळणीचे दिवस आले कीं मी मुलांस एका माणसाचें चरित्र सांगत असतों. या माणसानें रसायनशास्त्राची एकहि परीक्षा कधीं दिली नाहीं. किंबहुना वाचन, लेखन व थोडा हिशेब यांपलीकडे शाळेचें शिक्षणहि त्यास लाभलें नाहीं. परंतु स्वतःस प्रश्न घालावे, त्यांचीं उत्तरें प्रयोगानें ताडून पाहावीं आणि जें उत्तर सांपडलें नाहीं त्याची नोंद ठेवावी, हा क्रम त्यानें वयाची सत्तरी उलटेपर्यंत सोडला नाहीं. त्याचें नांव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या ठिकाणीं झाला. त्याचा बाप जेम्स हा जातीचा कारागीर, धंद्यानें लोहार. इंग्लंडच्या उत्तर भागांतून तो पोटासाठीं राजधानीकडे आला होता. हातांत कसब होतें, परंतु प्रकृति साथ देत नसे, त्यामुळें कामांत वारंवार खंड पडे. पुढें हें कुटुंब शहरांतील एका गाडीखान्याच्या माडीवर राहावयास गेलें. १८०१ सालीं इंग्लंडांत धान्य अतिशय महाग झालें, त्या वेळीं मायकेलच्या वांट्यास आठवड्याचा एक पाव येई आणि तोच त्यास आठवडाभर पुरवून खावा लागे. आईबाप सँडेमेनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. साधी राहणी, सत्य भाषण आणि द्रव्याविषयीं उदासीनता हें त्या घराचें वळण. तें मुलाच्या अंगीं जन्मभर टिकलें.

शाळा लवकरच सुटली. १८०४ सालीं हा मुलगा ब्लँडफर्ड स्ट्रीट येथील जॉर्ज रीबो या पुस्तकविक्याच्या दुकानीं हरकाम्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांच्या घरीं वर्तमानपत्रें पोंचवावीं व वाचून झालीं म्हणजे तीं परत आणावीं, हें त्याचें काम. मुलाचा प्रामाणिकपणा पाहून धन्यानें ७ ऑक्टोबर १८०५ रोजीं त्यास पुस्तकें बांधण्याच्या धंद्यांत सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलें आणि त्याबद्दल नेहमीं घ्यावयाची रक्कमहि माफ केली. दिवसा जीं पुस्तकें बांधावयाचीं, तींच काम आटोपल्यावर वाचावयाचीं, असा मायकेलचा क्रम सुरू झाला. रीबो मनाचा उदार होता. त्यानें त्यास कधीं हटकलें नाहीं.

अशा रीतीनें हातीं आलेल्या पुस्तकांपैकीं तीन पुस्तकांनीं त्याच्या आयुष्याची दिशा ठरविली. पहिलें आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचें मनाच्या सुधारणेवरील पुस्तक. वाचलेल्याचीं टिपणें ठेवावीं, व्याख्यानें ऐकावीं, समान गोडीच्या मित्राशीं पत्रव्यवहार करावा, हे धडे त्यानें त्यांतून घेतले. दुसरा ब्रिटानिका ज्ञानकोशाचा एक खंड. त्यांतील विजेवरील लेख वाचून त्यानें बाटलीचें एक लहानसें विद्युद्यंत्र तयार केलें. तिसरें पुस्तक म्हणजे जेन मार्सेट या विदुषीनें १८०६ सालीं, आपलें नांव न घालतां, प्रसिद्ध केलेले रसायनशास्त्रावरील संवाद.

या तिसऱ्या पुस्तकाची हकीकत तुम्हां परीक्षार्थींच्या विशेष उपयोगाची आहे. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत हम्फ्री डेव्हीसाहेब रसायनशास्त्रावर व्याख्यानें देत असत, व तीं ऐकावयास शहरांतील प्रतिष्ठित मंडळी लोटत असे. मार्सेटबाई त्यांपैकीं एक. व्याख्यान ऐकतांना सर्व कळल्यासारखें वाटे, परंतु घरीं आल्यावर मनांत गोंधळ उरे. पुढें एका स्नेह्याशीं त्या विषयावर बोलणें होऊं लागलें, शंका विचारतां येऊं लागल्या, तेव्हां गोंधळ नाहींसा झाला. जें आपणांस प्रश्नोत्तरांनीं समजलें तें इतरांसहि तसेंच समजेल, असें मनांत आणून त्यांनीं एक शिक्षिका व तिच्या कॅरोलाइन आणि एमिली या दोन शिष्या यांच्यामधील संवादाच्या रूपानें तें पुस्तक लिहिलें. त्यांतील मुली निमूटपणें ऐकून घेत नाहींत. त्या हटकतात, चुकतात, आणि चुकीचें कारण कळल्यावर पुढें जातात. पुढें अमेरिकेंत हें पुस्तक शाळांतून चालूं लागलें, तेव्हां तेथील संपादकांनीं विद्यार्थ्यांच्या उजळणीकरितां त्यास निराळे प्रश्नहि जोडले. तुमच्या क्रमिक पुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटीं जे प्रश्न असतात, आणि जे तुम्हीं पानें उलटून टाळतां, ते याच कुळांतले.

मायकेलनें हें पुस्तक बांधावयास घेतलें आणि वाचावयास सुरुवात केली. परंतु छापलें आहे एवढ्यावरून कोणतीहि गोष्ट खरी मानण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. लहानपणापासून आपली कल्पनाशक्ति फार चपळ आहे, ती आपणांस फसवील, हें त्यास ठाऊक होतें. म्हणून पुस्तकांत सांगितलेली गोष्ट, आठवड्याच्या खर्चांतून वांचविलेल्या चार पेनींत जें साहित्य मिळेल तें आणून, तो आपल्या हातांनीं करून पाही. पुस्तकाचें म्हणणें प्रयोगांत खरें उतरलें, दुसरें उतरलें, तिसरेंहि उतरलें, तेव्हां त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. या बाईंचें ऋण तो कधीं विसरला नाहीं. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि तो आपले निबंध त्यांजकडे पाठवीत असे.

१८१० सालीं टेटम नांवाच्या गृहस्थाच्या घरीं शास्त्रीय विषयांवर सायंकाळीं व्याख्यानें होत असल्याची जाहिरात त्याच्या पाहण्यांत आली. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. ती त्याचा वडील भाऊ रॉबर्ट, जो बापाप्रमाणेंच लोहारकाम करी, त्यानें आपल्या मजुरींतून दिली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बाप वारला; त्या विपत्तींतहि धाकट्या भावाचें शिक्षण बंद पडूं न देणाऱ्या त्या लोहाराचें नांव आपण कृतज्ञतेनें घेतलें पाहिजे.

व्याख्यानांचीं टिपणें घेण्याची मायकेलची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. व्याख्यान चालू असतांना तो फक्त मुख्य शब्द व प्रयोगांचीं नांवें टिपून घेई. घरीं आल्यावर त्या तुटक शब्दांवरून दुसरीं, अधिक विस्तृत टिपणें तयार करी. त्यानंतर तिसऱ्या खेपेस सर्व व्याख्यान सुसंगत भाषेंत लिहून काढी. येणेंप्रमाणें एकच विषय त्याच्या मनांतून तीन वेळां जाई. आणि दर वेळीं त्याच्यापुढें पुस्तक नसे, तर स्वतःच्याच शब्दांचा सांगाडा असे. त्या सांगाड्यावर मांस चढवितां आलें नाहीं, म्हणजे आपणांस काय समजलें नाहीं हें त्यास तत्काळ कळे. उजळणी म्हणतात ती हीच. आकृत्या नीट काढतां याव्या म्हणून त्यानें रीबोच्या घरीं राहणाऱ्या मास्करिए या फ्रेंच चित्रकारापासून यथादर्शन चित्रकलेचे धडे घेतले. अखेर टेटमच्या व्याख्यानांचे चार खंड त्यानें स्वतःच बांधले व ते आपल्या धन्यास अर्पण केले.

१८१२ सालीं दुकानीं येणाऱ्या डान्स नांवाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास डेव्हीसाहेबांच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटें दिलीं. सभागृहाच्या सज्जांत, घड्याळाच्या वर बसून या वीस वर्षांच्या बुकबाइंडरनें तीं ऐकलीं, नेहमींच्या रीतीनें टिपून घेतलीं, आकृत्या काढल्या, सूचि जोडली, आणि ३८६ पानांचा एक सुबक ग्रंथ बांधून तयार केला.

त्याच उन्हाळ्यांत बेंजामिन ॲबट या आपल्या मित्राशीं त्यानें पत्रव्यवहार सुरू केला. जस्ताचे तुकडे व तांब्याच्या लहान चकत्या यांची एक विद्युन्माला त्यानें घरींच रचली आणि तिच्या योगानें मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचें विघटन केलें. त्याचा वृत्तांत या पत्रांत आहे. क्लोरिन हें मूलद्रव्य आहे कीं प्राणवायूचें एखादें संयुग आहे, याबद्दल त्या वेळीं विद्वानांत वाद होता. डेव्हीसाहेब त्यास मूलद्रव्य म्हणत. ॲबटला तें पटेना. तेव्हां मायकेल त्याच्या आक्षेपांस एकेक करून उत्तर देई. डेव्हीसाहेब म्हणतात एवढ्यावर न थांबतां कोणत्या प्रयोगावरून तसें म्हणावें लागतें तें सांगे. दोन मित्र एकमेकांस असे प्रश्न विचारूं लागले, तर त्यांस निराळ्या शिकवणीची फारशी गरज उरत नाहीं.

७ ऑक्टोबर १८१२ रोजीं उमेदवारी संपली. शास्त्राच्या सेवेंत कसलेंहि काम मिळावें म्हणून त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहिलें होतें. त्याचें उत्तर आलें नाहीं. तेव्हां वर्षाच्या अखेरीस त्यानें धीर करून आपला तो बांधीव ग्रंथ डेव्हीसाहेबांकडे पाठविला. दुसरी कोणतीहि शिफारस त्याजपाशीं नव्हती. डेव्हीसाहेबांनीं २४ डिसेंबर रोजीं ममतेचें उत्तर पाठविलें, भेट दिली, परंतु हातचा धंदा सोडूं नये असाच सल्ला दिला. थोड्याच महिन्यांत संस्थेचा प्रयोगशाळेंतील नोकर मारामारीबद्दल कामावरून दूर झाला, आणि १ मार्च १८१३ रोजीं फॅरडेची त्या जागीं नेमणूक झाली. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग, राहावयास इमारतीच्या माथ्यावर दोन खोल्या, शिवाय जळण व मेणबत्त्या.

प्रयोगशाळेंतील पहिलें शिक्षण जिवावरचें होतें. नत्रवायु व क्लोरिन यांचें एक अतिशय स्फोटक संयुग डेव्हीसाहेब त्या वेळीं तपाशीत होते. त्याच्या स्फोटांत दोघांसहि इजा झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डेव्हीसाहेबांबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला व १८१५ च्या एप्रिलांत परतला. फ्लॉरेन्स येथें मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिरा जाळलेला त्यानें पाहिला. मिलान येथें वृद्ध व्होल्टाचें दर्शन घेतलें. डेव्हीसाहेबांच्या पत्नीनें प्रवासांत त्यास नोकराप्रमाणें वागविलें, त्याचें दुःख त्यास झालें. परंतु शिकण्याची संधि दवडावयाची नाहीं म्हणून त्यानें तें सोसलें.

परत आल्यावर १८१६ सालीं त्यानें आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत टस्कनींतील एका चुन्याचें पृथक्करण होतें. लहान काम, परंतु पूर्ण केलेलें. त्याच वर्षीं, ज्या तरुणांच्या मंडळांत तो पूर्वी श्रोता म्हणून जाई, तेथें त्यानें रसायनशास्त्रावर व्याख्यानें देण्यास आरंभ केला. १८२० सालीं त्यानें कार्बन व क्लोरिन यांचीं दोन नवीन संयुगें तयार केलीं. खुद्द डेव्हीसाहेबांस हा संयोग घडवितां आला नव्हता. गुरूचें उत्तर अंतिम न मानतां प्रश्न पुन्हां स्वतःस विचारल्याचें हें फळ होय. पुढील वर्षीं त्याचा सेरा बर्नार्ड हिच्याशीं विवाह झाला. तो संसार अखेरपर्यंत सुखाचा झाला.

आतां मी या चरित्रांतील त्या भागाकडे वळतों, ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला आहे. १८२२ सालीं फॅरडेनें एक नवी वही घातली. जुन्या टिपणवहींत वेळोवेळीं लिहून ठेवलेले प्रश्न त्यानें या वहींत उतरून घेतले आणि नवे सुचतील तसे त्यांत घालीत गेला. प्रश्न अगदीं थोडक्या शब्दांत लिहावयाचा. प्रयोगानें त्याचें उत्तर मिळालें म्हणजे त्यावर लेखणीनें रेघ ओढावयाची आणि उत्तर मिळाल्याची तारीख आडवी लिहावयाची. ज्यावर रेघ नाहीं तो प्रश्न उघडा. मुलांनो, ही प्रश्नपत्रिका नव्हे तर काय? फरक एवढाच कीं, ती काढणाराहि तोच, सोडविणाराहि तोच आणि तपासणाराहि तोच; आणि पाठीमागें छापील उत्तरें नाहींत.

या वहींतील एक प्रश्न असा होता कीं, चुंबकत्वापासून वीज उत्पन्न करावी. विजेच्या प्रवाहामुळें चुंबकसूची हलते हें १८२० सालीं ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानें दाखविलें होतें. तेव्हां उलट गोष्टहि घडली पाहिजे, असा तर्क सहज होता. परंतु तर्काला रेघ मिळत नाहीं. फॅरडेनें १८२४ सालीं प्रयत्न केला, तो फसला. १८२५ सालीं पुन्हां केला, तोहि फसला. १८२८ सालीं आणखी एकदां केला, तीच गत. प्रत्येक अपयश त्यानें जसेंच्या तसें लिहून ठेविलें. वहींतील तो प्रश्न नऊ वर्षें उघडा राहिला. त्यानें तो खोडला नाहीं आणि विसरलाहि नाहीं.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांत वीज सोडली त्या क्षणीं दुसऱ्या वेटोळ्याजवळील सूची हलली व पुन्हां स्थिर झाली. वीज बंद केली त्या क्षणीं ती पुन्हां हलली. प्रवाह एकसारखा चालू असतां मात्र कांहींच घडत नव्हतें. १७ ऑक्टोबर रोजीं पोकळ वेटोळ्यांत लोहचुंबक झटकन् खुपसतांच वीज वाहिली. पूर्वीचे प्रयत्न कां फसले, हें आतां उघड झालें. स्थिर चुंबकापासून स्थिर प्रवाह मिळेल अशी अपेक्षा होती. वस्तुतः वीज उत्पन्न होते ती चुंबकत्वांत बदल होत असेल तेवढा वेळच. आपल्या घरांत दिवा लावणारी वीज आजहि बव्हंशीं याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांतून येते.

वीजशास्त्राच्या या कीर्तीमुळें फॅरडे मूळचा रसायनशास्त्रज्ञ होता, हें लोक विसरतात. वर्गांत ज्याच्यावरून मीं प्रश्न घातला, त्याच क्लोरिन वायूस १८२३ सालीं त्यानें द्रवरूप दिलें. क्लोरिन व पाणी यांचे थंडींत होणारे स्फटिक त्यानें बंद कांचनळींत तापविले, तेव्हां नळींत तेलासारखे पिवळट थेंब जमले. भेटीस आलेल्या डॉ. पॅरिस यांनीं, मळकट नळी वापरल्याबद्दल त्याची थट्टा केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांस चिठी पोंचली कीं, तें तेल म्हणजे द्रवरूप क्लोरिनच होय. अशाच एका प्रयोगांत नळी फुटून कांचेचे तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले. सुदैवानें दृष्टि वांचली. १८२५ सालीं दिव्यांच्या वायूच्या धंद्यांत उरणाऱ्या तेलकट द्रवांतून त्यानें बेन्झीन हा पदार्थ निराळा काढला. १८२७ सालीं रासायनिक हस्तकौशल्यावर त्यानें एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांत वजन करणें, गाळणें, तापविणें, कांच वांकविणें अशीं कामें शिकविलीं असून विद्यार्थ्यानें स्वतः करावयाच्या प्रयोगांची क्रमवार मालिकाहि दिली आहे.

१८३३ व १८३४ सालीं त्यानें विद्युद्विश्लेषणाचे नियम सिद्ध केले. मुक्त होणाऱ्या पदार्थाचें वजन द्रावणांतून गेलेल्या विजेच्या राशीच्या प्रमाणांत असतें. आणि तीच वीज निरनिराळ्या द्रावणांतून नेली असतां निघणाऱ्या पदार्थांचीं वजनें त्यांच्या रासायनिक तुल्यभारांच्या प्रमाणांत असतात. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्यानें केंब्रिजच्या व्हीवेल पंडितांचा सल्ला घेऊन रूढ केले. गणितें सोडवितांना सुमारें ९६,४८५ कुलंब ही जी संख्या तुम्ही घालतां, तिला त्याचेंच नांव दिलेलें आहे.

परीक्षांशीं फॅरडेचा दुसऱ्या बाजूनेंहि संबंध आला. १८३६ सालीं स्थापन झालेल्या लंडन विश्वविद्यालयाच्या सीनेटचा तो सभासद होता. हें विश्वविद्यालय त्या काळीं शिकवीत नसे, परीक्षा घेऊन पदव्या देत असे. आणि त्याच्याच धर्तीवर १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विश्वविद्यालयें स्थापन झालीं. तेव्हां आपल्याकडील परीक्षापद्धतीचें मूळ जेथें आहे, तेथील कारभारांत स्वतः एकहि परीक्षा न दिलेला हा लोहाराचा मुलगा बसत होता.

त्याचे ठायीं उणीवा नव्हत्या असें नाहीं. गणित त्यास जवळजवळ येत नसे. त्याच्या कल्पनांना गणिताचें रूप देण्याचें काम, १८३१ सालींच जन्मलेल्या क्लार्क मॅक्सवेलला पुढें करावें लागलें. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलांनीं या बाबतींत फॅरडेचा दाखला देऊं नये. ही उणीव आहे हें तो स्वतः जाणून होता. दुसरी उणीव अधिक दुःखाची. त्याची स्मरणशक्ति मुळांतच दुबळी होती, आणि १८४० च्या सुमारास अतिश्रमानें ती इतकी ढांसळली कीं, भोंवळ येऊं लागली व कांहीं काळ काम सोडून स्वित्झर्लंडांत विश्रांति घ्यावी लागली. आपण काल काय केलें हें ज्यास उद्यां आठवेल याची खात्री नाहीं, त्या माणसानें पाठांतराच्या भरंवशावर काय केलें असतें? परंतु त्यानें पाठांतरावर भिस्त ठेविलीच नव्हती. प्रत्येक प्रयोगाची नोंद तो तारीखवार करी, आणि १८३२ पासून परिच्छेदांस अनुक्रमांक देत गेला. ते अनुक्रमांक १६,०४१ पर्यंत पोंचले. विसरलेली गोष्ट पुन्हां शोधून काढण्याची वाट त्यानें बांधून ठेविली होती; म्हणूनच या दुखण्यानंतरहि, १८४५ सालीं, चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हा मोठा शोध त्याच्या हातून लागला.

मानमरातबाचा त्यास लोभ नव्हता. सर ही पदवी त्यानें स्वीकारली नाहीं, आणि रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि नाकारलें. ज्या मंडळींत तो वाढला तिच्या लहानशा प्रार्थनागृहांत वडील या नात्यानें उपदेश करण्यांत त्यास अधिक समाधान वाटे. मुलांविषयीं त्याचें प्रेम अपार. नाताळांत मुलांकरितां व्याख्यानें देण्याची जी प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ सालीं सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाचीं कांहीं वर्षें वगळतां आजपर्यंत चालत आली आहे, तींत त्यानें एकोणीस वेळां भाग घेतला. मेणबत्तीसारख्या क्षुल्लक वस्तूपासून आरंभ करून, ती कां जळते, तिच्या ज्योतींत काय आहे, तिच्यापासून काय उरतें, असे प्रश्न विचारीत तो मुलांस सर्व रसायनशास्त्राच्या दारापर्यंत नेई. १८६०-६१ सालच्या त्या व्याख्यानांचें पुस्तक आजहि वाचलें जातें.

१२ मार्च १८६२ रोजीं त्यानें शेवटचा प्रयोग केला. ज्योतींत क्षार जाळून निघणाऱ्या प्रकाशावर प्रबळ लोहचुंबकाचा कांहीं परिणाम होतो कीं काय, हा प्रश्न होता. फरक दिसला नाहीं. त्यानें तसें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. या प्रश्नावर रेघ पडली नाहीं. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथील घरांत, आपल्या खुर्चीवर बसला असतां, त्यानें शांतपणें देह ठेविला. त्याच्या इच्छेप्रमाणें अंत्यविधि अगदीं साधेपणानें हायगेट येथील दफनभूमींत झाला.

परंतु तो उघडा राहिलेला प्रश्न वायां गेला नाहीं. अनेक वर्षांनंतर हॉलंडमधील पीटर झीमन या तरुणाच्या वाचनांत या प्रयोगाची हकीकत आली. फॅरडेसारख्यास जो प्रश्न विचारण्याजोगा वाटला, तो अधिक चांगल्या उपकरणांनीं पुन्हां विचारून पाहावा, असें त्याच्या मनानें घेतलें. १८९६ सालीं लायडन येथें त्यास उत्तर मिळालें. चुंबकामुळें प्रकाशाच्या रेषा रुंदावतात, हें त्यानें पाहिलें. त्याबद्दल १९०२ सालीं त्यास लॉरेन्ट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. चौतीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नपत्रिकेंतील एक सुटलेला नसलेला प्रश्न दुसऱ्या विद्यार्थ्यानें सोडविला, असेंच याचें वर्णन करितां येईल.

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या प्रश्नपत्रिका टाकून द्या असें मी तुम्हांस सांगत नाहीं. त्या अवश्य घ्या. परंतु त्यांत यंदा काय येईल हें शोधूं नका, आपणांस काय येत नाहीं हें शोधा. पुस्तक मिटून उत्तर लिहा, मग पुस्तक उघडून तें ताडून पाहा. उत्तर बरोबर आलें तर प्रश्नावर रेघ ओढून तारीख घाला. न आलें तर तो उघडा ठेवा, आणि दोन दिवसांनीं पुन्हां त्याच्याकडे या. पाठ्यपुस्तकांतील प्रश्न संपले म्हणजे एखाद्या मित्रास जवळ बसवून तोच प्रश्न फिरवून विचारा: असें कां, असें न केल्यास काय होईल, हें कशावरून?

मी स्वतःहि त्या सराव परीक्षेनंतर अशी एक वही ठेविली आहे. मुलांनीं विचारलेले व मला तत्काळ सांगतां न आलेले प्रश्न मी तींत लिहीत असतों. पुष्कळांवर रेघा पडल्या आहेत. कांहीं अजून उघडे आहेत, आणि त्यांची मला लाज वाटत नाहीं. तुमच्या वहींत परीक्षेच्या आदल्या रात्रीं कांहीं प्रश्न उघडे राहिले, तर तुम्हींहि घाबरूं नका. ते कोणते आहेत एवढें तुम्हांस ठाऊक असलें, तर तुमचा अभ्यास झाला असें खुशाल समजा.